मधला हिरवा तुकडा

"तुम्ही वायरमन ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मग काळीज घट्ट असेल, सरळच सांगते. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेलीय. कापून उपयोग नाही. घरी घेऊन जा. तिला आवडतं ते खाऊ घाला."

मी खांबावरून उतरून तसाच दवाखान्यात आलो होतो. कमरेला पट्टा होता, पट्ट्यात पक्कड होती. पट्टा सोडावा की राहू द्यावा, एवढंच त्या वेळी मनात आलं.

"किती दिवस?"

"दोन महिने. तीन झाले तर देवाची कृपा समजा."

वॉर्डात हौसा खाटेवर उठून बसली होती. शेजारच्या बाईशी तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मला बघून ती थांबली.

"काय म्हणाल्या?"

"गोळ्या बदलल्यात."

"तुमच्या तोंडाकडे बघून वाटतंय, तुम्हालाच दाखल करून घेतलंय."

शेजारची बाई हसली. मीही हसलो. फेब्रुवारी संपत आला होता, वॉर्डात पंखे सुरू झाले होते आणि हौसानं पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला होता.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर आधी गोधडी काढा."

ती गोधडी तिच्या आईनं शिवलेली. हौसाचं माहेर पाथर्डीकडचं, आमच्या गावापासून बसनं दोन तासांवर. तिच्या माहेरचे देवी मानणारे, आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. लग्नाआधी हौसानं बाप्तिस्मा घेतला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी विचारलं होतं, नाव बदलायचं का. ते म्हणाले, राहू द्या, तिच्या आईला नवीन नाव घोकायला लावू नका.

तिच्या आईला मी मामी म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा मामी गोधडी शिवायला बसल्या होत्या. हौसानं मला तेव्हाच सांगितलं होतं, मधला हिरवा तुकडा देवीच्या ओटीच्या साडीचा आहे. देवीच्या अंगावरून उतरलेली साडी, म्हणजे आशीर्वाद. मी म्हणालो, "आपल्या घरात ते कसं चालेल?" पुढे गोधडी घरात आली ती मध्ये हिरवा तुकडा घेऊनच. मला वाटलं, माझं कुणी ऐकलं नाही. पण गोधडी उबदार होती. सतरा वर्षं मीही ती पांघरून झोपलो. मूलबाळ नव्हतं, घरात दोनच माणसं, पांघरूण एक.

हौसा घरी आली आणि मामी दर गुरुवारी येऊ लागल्या. गुरुवार आमच्या गावचा बाजार, त्या दिवशी त्यांच्याकडून थेट बस असे. येताना कडीच्या डब्यात माडगं, हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, आणत. आल्या की हात धुवायच्या, खाटेच्या पायथ्याशी बसायच्या आणि हौसाचे पाय मांडीवर घेऊन चोळायच्या.

"काय गं, वाळून काटकी झाली. जावईबापू जेवाया देत न्हाईत का?"

"देतात. स्वतः करतात."

"मंग बरोबर हाय. तेच्यापायी वाळली."

हौसा हसायची. हसताना पोट दुखायचं म्हणून दोन्ही हातांनी धरायची. गुरुवारी ती सगळं माडगं संपवायची. एरवी चार घास जायचे नाहीत.

मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांतले पंधरा दिवस गेले होते. रोज सकाळी उठलो की आधी उरलेल्या दिवसांचा आकडा मनात यायचा.

ब्रदर सॉलोमन आमच्या चर्चच्या मंडळीतले नव्हते. नगरहून लुनावर येत, घरोघर उपास-प्रार्थना घेत. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं मला कारण नाही. हौसासाठी त्यांनी तीन दिवस पाणी सोडून काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांवरून उठताना त्यांना भिंत धरावी लागली.

मग ते मला ओसरीवर घेऊन आले.

"शांतवनभाऊ, प्रार्थना वर जात नाहीये. कशाला तरी अडतेय."

"कशाला?"

त्यांनी मला अखानाची गोष्ट सांगितली. एका माणसानं मना केलेली वस्तू तंबूत पुरून ठेवली आणि त्यापायी सगळी छावणी हरली. पौलानं करिंथच्या मंडळीला काय लिहिलंय तेही सांगितलं, की वेगळे व्हा, अशुद्धाला शिवू नका, म्हणजे देव तुम्हाला जवळ घेईल. मला हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते कुणीतरी माझं नाव घेऊन वाचतंय असं वाटलं.

"घरात काही आहे का? मूर्ती, ताईत, अंगारा?"

"नाही."

"आठवा."

मी आठवलं. आत खाटेवर हौसा ती पांघरून पडली होती. मी ब्रदरांना सांगितलं.

"तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. "मी नाव घेत नाही."

ते गेल्यावर मी आत गेलो. हौसा जागी होती.

"काय कुजबुज चालली होती?"

मी खाटेच्या कडेला बसलो आणि सांगितलं. अखानाची गोष्टही सांगितली. ती छताकडे बघत ऐकत होती.

"गोधडीचं ब्रदरांनी काढलं, की तुम्ही?"

"मी."

"म्हणजे तुम्हीच." तिनं मान वळवली. "ती जाळली तर मी बरी होईन?"

"होशील."

"आणि नाही झाले तर? मग काय जाळाल?"

"हौसा, असं बोलू नको. हा अविश्वास आहे."

"अविश्वास नाही हो. थंडी आहे."

मला रडू आलं. लग्नानंतर मी तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो. मी म्हणालो, "मला दुसरं काही सुचत नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन महिने सांगितलेत. त्यातले तीन आठवडे गेले. मी काय करू, सांग."

तिला ते ठाऊकच असावं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मग तिचा हात गोधडीवर गेला आणि मधल्या हिरव्या तुकड्यावरून फिरला. ती काहीतरी सांगणार आहे असं मला वाटलं. तोंड उघडलं होतं तिनं.

"ब्रदर आईबद्दल काही बोलले का?" तिनं विचारलं.

ते बोलले होते. ओसरीवरून उतरताना म्हणाले होते, बाहेरचा हातही बघा, दर आठवड्याला घरात येतो. मी खाली बघितलं.

"घ्या," ती म्हणाली. "जाळा. पण एक कबूल करा. मग आईला काही म्हणायचं नाही. ती येईल, बसेल, पाय चोळील. तिला थांबवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

तिनं मला शास्त्रावर हात ठेवायला लावला नाही. उठून बसली, गोधडीची घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्या हातात दिली.

घरामागे पाणी तापवायची चूल होती. दिवसाउजेडी, चार वाजता, मी तिथं ती पेटवली. जुनं सुती कापड, सात पदर एकावर एक. ते जळेना, नुसतं धुमसत राहिलं. रॉकेल ओतावं लागलं. धूर खिडकीतून आत गेला. आत आलो तेव्हा हौसा खोकत होती.

"जळली का नीट?"

"हो."

"आईचे टाके बारीक आहेत. वेळ लागला असेल."

बाजारातून आणलेलं नवं ब्लँकेट मी तिच्या अंगावर घातलं. ते टोचतं म्हणाली. मग म्हणाली, असू द्या.

पुढचा आठवडा ती खरंच बरी होती. ताप उतरला. एक दिवस ओसरीपर्यंत चालत आली आणि मोरीवरच्या भांड्यांना नावं ठेवली. मी खांबावर चढताना गाणं म्हणत होतो. गुरुवारी मामी आल्या, पाय मांडीवर घेतले आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "गोधडी कुटं गेली?"

हौसाच म्हणाली, "धुवायला टाकलीय, आई."

"धुवू नगं गं सारखी. दोरा कच्चा हाय, उसवल."

"नाही उसवत," हौसा म्हणाली.

नवव्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. त्यानंतर ती ओसरीवर आली नाही. डोळे पिवळे झाले. मी लुनावर मागे बसून ब्रदरांबरोबर नगरला गेलो, रात्रभराच्या प्रार्थनेत बसलो, परत आलो. काही फरक नव्हता.

"काहीतरी राहिलंय," ब्रदर म्हणाले. एवढंच म्हणाले.

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं.

गुरुवारी मी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. मामी बसमधून उतरल्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं दांडी धरलेली.

"आवं, तुमी कशाला आलाव? मला वाट ठाऊक न्हाई व्हय?"

"मामी, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, भेटायला कुणी नको. बाहेरच्या माणसांमुळे जंतू जातात."

त्या हसल्या. "मी बाहेरची व्हय?"

मी बसच्या पाटीकडे बघत राहिलो. त्यांचं हसू गेलं.

"बरं. डागदरीन म्हनती तर आसंल. ह्यो डबा तरी द्या. ऊन हाय तवर पाजा."

त्या स्टँडच्या बाकावर परतीच्या बसची वाट बघत बसल्या. मी डबा घेऊन निघालो. ते माडगं मी घरी नेलं नाही. मामींच्या चुलीजवळ देवीचा फोटो होता, तो मी पाहिलेला होता. स्टँडच्या मागच्या बाजूला गटार होतं. तिथं मी माडगं ओतलं, नळावर डबा घासून धुतला.

घरी हौसा दाराकडे तोंड करून पडली होती.

"आई?"

"त्यांना बरं नाही. निरोप आलाय."

"काय होतंय?"

"ताप आहे. जास्त नाही."

तिनं डोळे मिटले. "मग नको येऊ म्हणावं. प्रवास दगदगीचा आहे."

पुढच्या गुरुवारी मामी पुन्हा आल्या. मी स्टँडवर होतोच. बसमधून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "जावईबापू, आज डोक्यावरून न्हाऊन आले. लुगडं बी धुतल्यालं नेसलेय. हात लावनार न्हाई, दारातून बघते निस्ती."

"नको मामी."

"बरं." त्यांनी डबा पुढे केला. "गेल्या टायमाचं संपवलं का तिनं?"

"संपवलं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांचा चेहरा उजळला. बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या सांगायला लागल्या, "पोरगी आजारी हाय माझी, पर माडगं खाती बगा."

असे चार गुरुवार गेले. चार वेळा मी माडगं ओतलं आणि धुतलेला डबा पुढच्या भेटीत परत दिला. घरी हौसा दर गुरुवारी विचारायची, आईचा ताप उतरला का, आणि मी दर वेळी थोडा थोडा उतरवत होतो. चौथ्या गुरुवारी ती म्हणाली, "आता उतरायला हवा होता." त्यापुढे तिनं विचारलं नाही. ब्लँकेट दोन झाली होती तरी तिचे पाय गार असायचे. मी चोळायचो. ती म्हणायची, "तुमचे हात खरखरीत आहेत हो. तारा ओढायचे हात."

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, चर्चची पहिली घंटा झाल्यावर, ती गेली. मी तिच्या तोंडात पाणी घालत होतो, ते बाहेर आलं.

माझ्याबरोबरचा एक वायरमन मोटरसायकलवर पाथर्डीकडे निरोप घेऊन गेला. उन्हाळा होता, बर्फ मिळाला नाही. दुपारी तीनला माती दिली. मामी पोचल्या तेव्हा लोक पांगले होते. स्मशानात मी आणि पाळकसाहेब दोघंच होतो. पाळकसाहेब लांब लिंबाखाली जाऊन थांबले.

मामी मातीजवळ बसल्या. रडल्या नाहीत. ढेकळं हातानं फोडून सारखी करत राहिल्या, अंगणात सारवायला बसल्यासारख्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तुमचा काय दोस न्हाई, जावईबापू. डागदरीनच नगं म्हनली, तुमी तरी काय करनार. तिनं माडगं खाल्लं, लई झालं."

मी उभा होतो.

"तिला उन्हातबी थंडी वाजायची. गोधडी घातली ना संगं?"

"घातली," मी म्हणालो.

"बरं केलं. माझ्या मनात यायचं, तुमच्यात चालतंय का न्हाई." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक चौकोनी घडी काढली. हिरवं कापड होतं, कडेला जरीची बारीक पट्टी. "ह्ये दाखवाया आनलंय. तुमच्या मनात काई राहू नये म्हनून."

"काय आहे?"

"देवीच्या साडीचा तुकडा. आदी गोधडीत मधी लावला व्हता. तुमी नाक मुरडलं ना लग्नाच्या टायमाला? हौसा रडत आली माझ्याकडं. म्हनली, आई, त्येंना चालायचं न्हाई. म्या म्हनलं, येवढंच ना, उसवते. मंग तितं माझ्या लग्नाच्या लुगड्याचा लावला. हिरवाच, म्हंजी गोधडी उगडी दिसू नये." त्यांनी घडी पुन्हा पिशवीत ठेवली. "पेटीत काई बाटल्यालं गेलं न्हाई. निरमळ गोधडी हाय ती. तुमच्या देवाला चालंल."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो.

"हौसाला ठाऊक होतं?"

"आता बया! तिनंच तर टाके घातले. म्या धरलं, तिनं शिवलं."

मला तिचा हात आठवला, त्या तुकड्यावरून फिरलेला. तिनं तोंड उघडलं होतं. एक वाक्य बोलली असती तर गोधडी वाचली असती. मग मी दुसरं काही शोधलं असतं, आणि दुसरं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. म्हणून तिनं गोधडी दिली. मी ती घेतली, आणि तिच्या आईलाही थांबवलं.

आठ दिवसांनी ब्रदर सॉलोमन भेटायला आले. माझ्या गळ्यात पडून रडले. मी त्यांना विचारलं, "ब्रदर, ती गोधडी अशुद्ध होती का?"

"मी तिचं नाव घेतलं नव्हतं, शांतवनभाऊ," ते म्हणाले. ते खरं होतं. त्यांना मी चहा दिला. पुन्हा त्यांच्या प्रार्थनेला गेलो नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय वाचला. माणूस तोंडानं जे खातो त्यानं तो विटाळत नाही, तोंडातून जे बाहेर पडतं त्यानं विटाळतो, हे प्रभूनं शिष्यांना समजावलं तो भाग. मी बाकावरून उठलो आणि बाहेर येऊन चपलांपाशी उभा राहिलो. उपासना संपेपर्यंत आत गेलो नाही. चार डबे. "संपवलं." "ताप आहे." "घातली."

याला आता सतरा वर्षं झाली. मी निवृत्त झालो. दर गुरुवारी बसनं मामींकडे जातो. त्यांना आता नीट दिसत नाही. मी गेलो की पुढ्यात माडगं ठेवतात आणि माझा चमचा वाजतो का ते ऐकत बसतात.

"हौसा शेवटच्या टायमाला किती खायची?"

"सगळं संपवायची, मामी."

"डबा धुऊन द्यायचे तुमी. ध्येनात हाय माझ्या. येवढा चकचकीत डबा कुन्या जावयानं दिला नसंल."

त्या एकदा असं म्हणाल्या तेव्हा मी ठरवलं होतं, आज सांगायचं. बोलायला लागलोही. "मामी, ती गोधडी," म्हणालो. त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "व्हय, व्हय," म्हणाल्या, "तुमच्यासाठीबी घेतलीय शिवाया. तिची काळजी मिटली. तुमचीच ऱ्हायली."

दोन वर्षं लागली त्यांना. सुई चाचपून ओवायच्या. टाके वेडेवाकडे आहेत, काही ठिकाणी दोरा दोनदा गेलाय. मधल्या तुकड्यासाठी त्यांनी माझ्याकडे हौसाची साडी मागितली, मी तिची निळी दिली. गेल्या दिवाळीत गोधडी पूर्ण झाली. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "नीट बघा, जावईबापू, ह्यात देवीचं काई न्हाई."

ती ट्रंकेत आहे. मी अजून पांघरलेली नाही. आणि पहिल्या गोधडीचं मामींना अजून सांगितलेलं नाही.